हार्ड डिस्कला हात न लावता

लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम वापरून बघायची म्हटलं की आज पहिला सल्ला मिळतो तो असा : पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून मशीन सुरू करा, आधी बघा तर खरं. आवडलं तर बसवा, नाहीतर पेनड्राइव्ह काढून घ्या. पण ही सोय लिनक्ससोबत जन्माला आलेली नाही. ती रुळायला दहाएक वर्षं जावी लागली. नवख्या माणसापुरतं बोलायचं तर लिनक्सच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण मला तेच वाटतं.

मुळात प्रश्न होता परवानगीचा. रिचर्ड स्टॉलमन हे प्रोग्रॅमर अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत होते तेव्हा प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येईल असा त्याचा मूळ मजकूर, एकमेकांना देणं ही तिथली रोजची रीत होती. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना संदेश जावा, अशी सुधारणा तिथल्या लोकांनी स्वतःच करून घेतली होती. नव्या लेझर प्रिंटरसाठी तेच करायला गेल्यावर सोर्स कोड काही मिळेना. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला : युनिक्स या तेव्हाच्या सिस्टीमसारखी, पण कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टीम. हे हक्क पुढच्या माणसापर्यंतही पोचावेत म्हणून १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात मोफत आणि मुक्त असे दोन्ही अर्थ येतात, त्यामुळे बराच घोळ झाला. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' हा शब्द पुढे आला, त्याचं हेही एक कारण. मराठीत 'फुकट' वेगळं आणि 'मुक्त' वेगळं, त्यामुळे आपल्याला हा फरक चटकन कळायला हवा.

ग्नूकडे सोर्स कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर होता, एडिटर होता, आज्ञा घेणारं शेल होतं, पण कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टीमचा गाभा, अजून तयार नव्हता. ती जागा भरली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने आपण हौस म्हणून असं काहीतरी लिहितोय, एवढंच कळवलं होतं. १९९२ मध्ये त्याचा कर्नल, म्हणजेच लिनक्स, जीपीएलखाली आला आणि १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन या डिस्ट्रो, म्हणजे कर्नलसोबत बाकीचं सॉफ्टवेअर जोडलेले तयार संच, सुरू झाल्या. त्या दोन्ही आजही चालू आहेत.

परवानगी मिळाली, पण वापरून बघायचं कसं? त्या काळच्या मशीनमध्ये बहुधा सगळी हार्ड डिस्क एकाच पार्टिशनमध्ये, म्हणजे एकाच कप्प्यात, असे आणि त्यात आधीची सिस्टीम असे. लिनक्सला जागा हवी तर सगळं पुसून नव्याने पार्टिशन पाडायची, किंवा फिप्स नावाचा छोटा प्रोग्रॅम वापरायचा. त्यासाठी आधी डीफ्रॅग करून सगळ्या फाइली डिस्कच्या पुढच्या भागात गोळा करायच्या, मग फिप्स मागचा मोकळा भाग कापून वेगळा काढी. पुढे मशीन सुरू होताना सिस्टीम चालू करून देणारा लिलो हा बूटलोडर बसवायचा. चित्रमय पडदा हवा असेल तर मॉनिटरच्या आडव्या-उभ्या फ्रिक्वेन्सीचे आकडे सांगायचे. चुकीचे आकडे दिले तर काही मॉनिटर खराब होऊ शकतात, अशी ताकीदच दिलेली असे. एवढं सगळं नुसतं 'आहे तरी कसं' हे बघण्यासाठी! ज्याचं सगळं काम त्याच एका मशीनवर आहे, त्याने हा धोका का पत्करावा?

केडीई आणि ग्नोम हे लिनक्ससाठीचे चित्रमय डेस्कटॉप अनुक्रमे १९९६ आणि १९९७ मध्ये सुरू झाले आणि पडदा देखणा झाला, पण पार्टिशनची भीती तशीच राहिली.

सीडीवरूनच सिस्टीम चालवण्याचा प्रयत्न यग्ड्रासिल या डिस्ट्रोने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच केला होता. पण ती कल्पना खऱ्या अर्थाने लोकांपर्यंत नेली ती २००० मध्ये आलेल्या क्नॉपिक्सने. जर्मनीतल्या क्लाऊस क्नॉपर यांनी डेबियनवर बेतलेली ही सीडी. तिच्यात तीन गोष्टी जुळून आल्या. मशीनमध्ये कोणतं कार्ड, कोणता मॉनिटर आहे ते ती दर वेळी सुरू होतानाच ओळखू पाहत असे. सुमारे दोन जीबीचं सॉफ्टवेअर दाबून ७०० एमबीच्या सीडीत बसवलेलं होतं आणि लागेल तेवढाच भाग त्या त्या वेळी उलगडला जाई. आणि सीडीवर लिहिता येत नाही, तेव्हा जे काही लिहायचं ते रॅममध्ये. मशीन बंद केलं की रॅम रिकामी, हार्ड डिस्क होती तशीच. बिघडलेल्या मशीनमधून फाइली बाहेर काढायलाही लोक हीच सीडी वापरू लागले.

ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आली. ती मागेल त्याला टपालाने मोफत सीडी पाठवत असे. तेव्हा बघायची सीडी निराळी आणि बसवायची निराळी होती. जून २००६ च्या ६.०६ या आवृत्तीत दोन्ही एक झाल्या : सीडीवरून चालणाऱ्या लाइव्ह डेस्कटॉपवरच 'इन्स्टॉल'चं चिन्ह. जे वापरून बघितलं तेच, तिथूनच बसवायचं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण वायफाय जोडलं जातं का, आवाज येतो का, हे निर्णय घेण्याआधीच कळू लागलं.

पुढे सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली. तो वेगवान, आणि हवं तर केलेले बदल जपून ठेवणारा. २०१२ च्या सुमारास आलेल्या सिक्युअर बूटने, म्हणजे मान्य सही असलेलाच लोडर सुरू होऊ देणाऱ्या सोयीने, थोडी अडचण केली. मग मोठ्या डिस्ट्रोंनी मायक्रोसॉफ्टची सही असलेला 'शिम' हा छोटा लोडर वापरून वाट काढली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी, पण अजून धडधाकट असलेली कितीतरी मशीन मागे राहिली. त्यामुळे लिनक्स वापरून बघावं का, हा प्रश्न आता नव्या लोकांना पडतो आहे.

बघण्यातला धोका गेला. बसवताना मात्र पार्टिशनची पायरी आजही येते. जुन्या सिस्टीमची जागा आता इन्स्टॉलर स्वतःच आक्रसून देऊ शकतो, डीफ्रॅग आणि फिप्सची कसरत उरलेली नाही. पण फिप्सच्या काळात त्याआधी करायला सांगितलेली एक गोष्ट अजूनही करायचीच असते : सगळ्या फाइलींचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर.