सलग पाच ऑल-आयर्लंड (गेलिक फुटबॉल)

गेलिक फुटबॉल हा हातापायांनी खेळायचा आयरिश खेळ. आयर्लंडमधल्या एखाद्या काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) संघाने त्याची ऑल-आयर्लंड सीनियर फुटबॉल चॅम्पियनशिप ओळीने पाच वर्षं जिंकणं, म्हणजे तिथल्या लोकांच्या तोंडी असलेलं 'फाइव्ह इन अ रो'. जुन्या मॅचेस आणि मोठ्या टीम्सच्या गप्पा निघाल्या की गाडी फिरून फिरून इथेच येते. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये हे एकाच संघाला जमलंय, डब्लिनला, 2019 मध्ये. त्याआधी तीनदा चार झाले आणि पाचवं हुकलं. हर्लिंगमध्ये (काठीने चेंडू मारायचा तिथला दुसरा खेळ) तर अजून कोणालाच जमलेलं नाही.

पहिला प्रयत्न वेक्सफर्डचा, 1915 ते 1918. चौथी फायनल प्रत्यक्षात फेब्रुवारी 1919 मध्ये खेळली गेली, त्याचं कारण काही जण फ्लूची साथ सांगतात तर काही तेव्हाची राजकीय धामधूम, बहुधा दोन्ही असावीत. 1919 ची स्पर्धा किल्डेअरने जिंकली. विजेत्यांना मिळणारा सॅम मॅग्वायर कप 1928 पासूनचा, त्यामुळे वेक्सफर्डच्या या टीमने तो कधी उचललाच नाही. मग केरी, 1929 ते 1932. 1933 च्या सेमीफायनलला कॅव्हनने त्यांना ब्रेफनी पार्कवर, म्हणजे स्वतःच्याच मैदानावर, हरवलं आणि पुढे कपही नेला.

तिसरा प्रयत्न सगळ्यात जास्त आठवला जातो. मॅनेजर मिक ओ'ड्वायरची केरी 1978 पासून ओळीने चार जिंकून आलेली, पाचव्यासाठीचे टी-शर्टसुद्धा आधीच छापलेले. 19 सप्टेंबर 1982, डब्लिनमधलं क्रोक पार्क, समोर मॅनेजर युजीन मॅगीची ऑफली, जी आदल्याच वर्षीची फायनल याच केरीकडून हरली होती. दुसऱ्या हाफमध्ये केरीच्या मायकी शीहीची पेनल्टी ऑफलीचा गोलकीपर मार्टिन फरलाँगने अडवली, तरी केरी चार पॉइंटने पुढे गेली, मग ऑफलीच्या मॅट कॉनरच्या फ्री किक्सनी अंतर दोनवर आणलं. (बार वरून गेलेल्या चेंडूला 1 पॉइंट, जाळ्यात गेला तर गोल म्हणजे 3, त्यामुळे दोनची आघाडी एका फटक्यात जाऊ शकते.) शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना लियम कॉनरचा उंच, लांब चेंडू आला, ऑफलीचा बदली खेळाडू शेमस डार्बीने तो केरीच्या टॉमी डॉयलच्या मागे पकडला, वळला आणि गोलकीपर चार्ली नेलिगनला चकवून जाळ्यात मारला. ऑफली 1-15 (1 गोल आणि 15 पॉइंट, म्हणजे एकूण 18), केरी 0-17.

डार्बीने डॉयलला पाठीत ढकललं का, हा वाद तेव्हापासून चालू आहे. केरीवाल्यांचं म्हणणं की सरळसरळ फाउल होता, शिट्टी वाजायलाच हवी होती. दुसरी बाजू म्हणते की डॉयलची उडी आधीच चुकली होती, चेंडू त्याच्या डोक्यावरून जाणारच होता. चित्रफितीत हात पाठीला लागलेला दिसतो, पण धक्का किती जोराचा होता हे त्यातून ठरत नाही. पावसाने ओला चेंडू आणि त्याची उंची बघता दुसरं मत जास्त पटतं, निदान त्या हाताने गोल झाला असं म्हणणं धाडसाचं वाटतं. केरीचा जिमी डीनिहन पाय मोडल्यामुळे खेळू शकला नव्हता, हा मुद्दा या वादात मागे पडतो, खरं तर तो डिफेन्समधला खेळाडू म्हणून आधी यायला हवा.

हीच केरी पुढे 1984, 85, 86 जिंकली, म्हणजे 1975 पासूनच्या बारा वर्षांत आठ. आणि त्याच 1982 पासून केरीच्या महिला संघाने ओळीने नऊ ऑल-आयर्लंड जिंकल्या, पुरुषांच्या हुकलेल्या पाचव्याच्या गप्पांत याचा उल्लेख फार कमी होतो, तो व्हायलाच हवा.

डब्लिनच्या पाचांतली (2015 ते 2019, मॅनेजर जिम गॅविन) काही अगदी निसटती होती. 2016 ला मेयोविरुद्ध फायनल बरोबरीत सुटून रिप्ले (पुन्हा मॅच) लागला, 2017 ला डीन रॉकच्या शेवटच्या फ्री किकने 1-17 विरुद्ध 1-16. 2019 ला पुन्हा केरी समोर, पहिली फायनल 1-16 अशी बरोबरीत, डब्लिनच्या जॉनी कूपरला रेफरीने बाहेर काढल्यावर उरलेल्या चौदा जणांनी वाचवलेली. 14 सप्टेंबरच्या रिप्लेत दुसरा हाफ सुरू होतो न होतो तोच डब्लिनचा ओन मर्कन मधून पळत सुटला आणि गोल झाला. 1-18 विरुद्ध 0-15. नवा मॅनेजर डेसी फॅरलच्या हाताखाली 2020 ला सहावं आलं, कोविडमुळे रिकाम्या क्रोक पार्कवर. 2021 ला मेयोने सेमीफायनलमध्ये एक्स्ट्रा टाइमला ही साखळी तोडली.

ओ'ड्वायरची केरी मोठी की गॅविनची डब्लिन, यावर एकमत नाही. केरीच्या काळात एक मॅच हरली की वर्ष संपलं, 2001 पासून हरलेल्याला दुसरी संधी मिळू लागली. उलट केरीला मन्स्टरमध्ये, म्हणजे स्वतःच्या प्रांताच्या स्पर्धेत, कॉर्क सोडून तगडं कोणी नव्हतं, चार मॅच जिंकल्या की कप. डब्लिनची लोकसंख्या आणि तिथे गेलेला पैसा हा मुद्दाही निघतो आणि तो खोटा नाही, पण 2016, 2017 आणि 2019 च्या त्या शेवटच्या मिनिटांचा हिशोब त्याने लागत नाही. 2025 पासून गोलपासून 40 मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून बारवरून मारलेल्या किकला 2 पॉइंट मिळतात, त्यामुळे इथून पुढचे स्कोअर या जुन्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करता येणार नाही.