गाडी स्वतःहून ब्रेक मारते, पण इतक्या उशिरा का?

एडास, म्हणजे धोका दिसला की इशारा देणारी आणि वेळ पडली तर स्वतः ब्रेक मारणारी यंत्रणा, असलेली गाडी घेतलेल्या लोकांच्या तक्रारी ऐकल्या तर फिरून फिरून दोनच निघतात. काही कारण नसताना ब्रेक लागला आणि मागचा बाइकवाला ठोकता ठोकता वाचला, ही एक. आणि खरी गरज होती तेव्हा इतका उशिरा लागला की बंपर गेलाच, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींचं मूळ एकाच जुन्या वादात आहे, ड्रायव्हर सीटवर बसलेला असताना मशीनने नक्की कुठल्या क्षणी मध्ये पडायचं. हा वाद सगळ्यात जास्त जपानमध्ये घातला गेला, त्यामुळे इथे तोच जास्त येणार.

समोरचं ओळखायला गाडीत रडार बसवायची कल्पना तशी म्हातारी आहे. १९५९ च्या कॅडिलॅक सायक्लोन या शोकारच्या नाकाडात रडार होतं, पण ते नुसतं सावध करायचं, ब्रेकशी त्याचा संबंध नव्हता. मधली चाळीसेक वर्षं सोडून दिली तरी चालतील, प्रयोग पुष्कळ झाले पण धडकेआधी स्वतः जोरात ब्रेक मारणारी गाडी काही बाजारात आली नाही.

२००३ मध्ये जपानात होंडा इन्स्पायर आली आणि तशी गाडी पहिल्यांदा ग्राहकाच्या हातात पडली. आधी बजर, मग हलका ब्रेक आणि सीटबेल्टला हिसका, आणि अगदीच शेवटी जोरात ब्रेक. पण तिथल्या सरकारी खात्याची अट अशी होती की जोरात ब्रेक लागायचा तो टक्कर आता टळतच नाही अशी खात्री झाल्यावरच, म्हणजे ड्रायव्हरने ब्रेक दाबूनही नाही आणि स्टिअरिंग फिरवूनही नाही. धडक होणार हे धरूनच चालायचं, ती जरा कमी जोरात व्हावी एवढंच मशीनचं काम. गाडी थांबवून धडक टाळायची मुभा नव्हती. कारण सरळ होतं, गाडी आपली आपण थांबते हे एकदा कळलं की लोक समोर बघायचं सोडतील.

यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते, की तंत्रज्ञान हातात असताना माणसांना धडकू दिलं. मला स्वतःला ती अट इतकी वेडगळ वाटत नाही. समजा ५० च्या स्पीडला धडकेच्या ०.६ सेकंद आधी फुल ब्रेक लागला, तर कागदावर गाडी साधारण ३३ वर येऊन आदळते. ऐकायला काहीच नाही, पण धडकेची ऊर्जा स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात असते म्हणून ती निम्म्याहून कमी होते. जर्मनांचा हिशोबही काही वेगळा नव्हता, २००९ च्या मर्सिडीज ई-क्लासमध्ये साधारण २.६ सेकंद आधी इशारा, १.६ सेकंद आधी अर्धवट ब्रेक आणि ०.६ सेकंद उरले की पूर्ण ब्रेक असंच ठरवलेलं होतं.

आता खरी गुंतागुंत इथे आहे आणि बहुतेक रिव्ह्यूवाले ती सांगतच नाहीत. थांबायला लागणारं अंतर स्पीडच्या वर्गाने वाढतं, पण स्टिअरिंग फिरवून बाजूला व्हायला लागणारा वेळ स्पीड वाढला तरी फारसा बदलत नाही. ३० च्या स्पीडला कोरड्या रस्त्यावर गाडी साडेचार मीटरमध्ये थांबते, म्हणजे धडकेला अर्धा सेकंद उरला असताना ब्रेक मारला तरी चालतं, तोपर्यंत बाजूला व्हायची वेळ निघून गेलेली असते, त्यामुळे मशीनने ब्रेक मारला तर ड्रायव्हरचं काही हिसकावून घेतलं असं होत नाही. १०० ला मात्र जवळजवळ ५० मीटर लागतात, म्हणजे पावणेदोन सेकंद आधीच निर्णय घ्यायला हवा, आणि त्या क्षणी ड्रायव्हर अजून आरामात लेन बदलू शकत असतो, कदाचित बदलणारही असतो. मशीनने तिथे ब्रेक मारला आणि ड्रायव्हर ओव्हरटेकच करणार होता, तर तोच विनाकारण लागलेला ब्रेक. मशीन वाट बघत राहिलं तर उशीर झाला म्हणून बोंब. यातून सुटका नाही, कुठेतरी रेघ मारावीच लागते.

म्हणूनच पूर्ण थांबणाऱ्या गाड्या आधी कमी स्पीडसाठी आल्या. २००८ ची व्होल्व्हो एक्ससी६० साधारण ३० च्या आत स्वतः ब्रेक मारायची, आणि समोरच्या गाडीशी स्पीडचा फरक १५ च्या आत असेल तर धडक टाळायची. जपाननेही मग अट सैल केली, आणि २०१० मध्ये सुबारूने दोन कॅमेऱ्यांचं आयसाइट सुमारे एक लाख येनमध्ये द्यायला सुरुवात केल्यावर जाहिरात केली ती ‘न धडकणारी कार?’ अशी, प्रश्नचिन्हासकट. ते प्रश्नचिन्ह मला त्या अख्ख्या जाहिरातीतला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. २०१३ मध्ये साइतामा भागात मझदाच्या एका शोरूमच्या डेमोमध्ये गाडी थांबलीच नाही, ग्राहक आणि सेल्समन दोघंही जखमी झाले. अति भरवशाची जी भीती दहा वर्षं लोकांनी हसण्यावारी नेली होती ती शोरूमच्या दारातच खरी झाली.

त्यानंतर वारं उलटं फिरलं. युरोपात २०१४ पासून सुरक्षेच्या स्टार रेटिंगमध्ये ऑटो ब्रेकची चाचणी आली, जुलै २०२४ पासून तिथे विकली जाणारी प्रत्येक नवी कार हे घेऊनच येते, आणि तुम्ही बंद केलंत तरी गाडी पुन्हा सुरू केली की ते पुन्हा चालू. अमेरिकेत आधी २० कंपन्यांनी २०१६ मध्ये स्वखुशीने कबूल केलं, मग एप्रिल २०२४ मध्ये नियमच आला की सप्टेंबर २०२९ पासून ताशी १०० किमीपर्यंत समोरच्या गाडीला टेकताच कामा नये, पादचारी रात्रीही दिसला पाहिजे. वरचा हिशोब लक्षात घेतला तर कंपन्या जानेवारी २०२५ मध्ये कोर्टात का गेल्या ते कळतं. बाकी साधं एईबी, म्हणजे हेच आणीबाणीत आपोआप ब्रेक लावणं, असलेल्या गाड्यांचे मागून धडकण्याचे अपघात तिकडच्या आकडेवारीत निम्म्यावर आलेत, हे नाकारायचं कारण नाही.

आपल्याकडे तर कार रडार ज्यावर चालतं तो ७६-७७ गिगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा २०१५ मध्ये लायसन्समुक्त झाला, त्याआधी कार रडार म्हटलं की परवानगीपासून सुरुवात. मग एडास घेऊन आल्या २०२० ची एमजी ग्लॉस्टर, २०२१ ची महिंद्रा एक्सयूव्ही ७००, मग २०२२ ची होंडा सिटी हायब्रिड, तीही नुसत्या कॅमेऱ्यावर. आणि मग त्या रेघेचा प्रश्न आपल्या रस्त्यावर आला, जिथे दोन गाड्यांमध्ये जागा दिसली की रिक्षा घुसते आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. गाडीला वाटतं. म्हणून लोक पहिल्या आठवड्यात वॉर्निंग ‘लेट’वर टाकतात, दुसऱ्या आठवड्यात बंद करतात, खरं तर वैताग बजरचा असतो, पण त्याच्याबरोबर ब्रेकही जातो.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. रडारला हलणाऱ्या वस्तू छान कळतात, पण उभ्या वस्तूंकडे ते बऱ्याचदा मुद्दाम दुर्लक्ष करतं, नाहीतर प्रत्येक पाटी आणि पुलाखाली ब्रेक लागेल. कॅमेरा हे भरून काढतो, उजेड असेल तर. रात्री हायवेवर टेललाइट नसलेला, पंक्चर काढायला अर्धा लेनमध्ये उभा असलेला ट्रक म्हणजे दोघांचाही कच्चा दुवा, आणि मुंबई-पुणे किंवा नाशिक रोडने रात्री जाणाऱ्याला असे ट्रक किती भेटतात ते सांगायला नको.

मार्च २०२५ मध्ये सरकारने मसुदा काढला, नव्या मॉडेलना एप्रिल २०२६ पासून आणि चालू मॉडेलना ऑक्टोबर २०२६ पासून ऑटो ब्रेकिंग सक्तीचं करायचा. तो ट्रकसाठी आणि आठपेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या गाड्यांसाठी आहे. तुमच्या-माझ्या पाच-सात सीटर त्यात नाहीत, तिथे हे बहुतेक करून वरच्या व्हेरिएंटचंच फिचर आहे.