पाहुण्यांना इंग्रजीत प्रश्न विचारताना: डू, डज, डिड

मालवण, तारकर्ली, देवबागच्या निवास-न्याहारी चालकांसाठी, आमच्या इंग्रजी संभाषण वर्गातर्फे

मराठीत वाक्याच्या शेवटी 'का' लावला की प्रश्न झाला, क्रियापद होतं तसंच राहतं: 'किल्ल्यावर गेलात', 'किल्ल्यावर गेलात का?' इंग्रजीत तसं चालत नाही. 'यू वेंट टू द फोर्ट' याचा प्रश्न करायचा तर आधी 'वेंट' फोडायचं: डिड अधिक गो. डिड कर्त्याच्या आधी जातो, गो जागेवर राहतो. 'डिड यू गो टू द फोर्ट?' भूतकाळ डिडमध्ये आला, त्यामुळे मूळ क्रियापद कोरं. 'डिड यू वेंट' किंवा 'डिड यू केम' म्हटलं की एकच काळ दोनदा लागतो. 'ईट्स'सुद्धा असंच फोडा: डज अधिक ईट. 'हॅज'चं होतं डज अधिक हॅव, म्हणून 'डज युअर सन हॅव एनी ॲलर्जी?'

आपल्या भागात सगळ्यात जास्त चूक होते ती आदरार्थी बहुवचनामुळे. 'तुमचे बाबा मासे खातात का?' यातलं 'खातात' मनात असतं आणि तोंडून 'डू युअर फादर ईट फिश?' निघतं. इंग्रजी क्रियापद आदर मोजत नाही, माणसं मोजतं. वडील एकच, म्हणून 'डज युअर फादर ईट फिश?' हेच बरोबर, आणि त्यात अजिबात उद्धटपणा नाही. आई-वडील दोघांबद्दल विचारताना 'डू युअर पेरेंट्स ईट फिश?' 'यू'ला मात्र समोर एक असो की दहा, डू आणि आरच.

वाक्यात मुळात इज, आर, वॉज, वेअर हेच क्रियापद असेल, तर डू आणू नका. 'डू यू आर व्हेजिटेरियन?' नव्हे, 'आर यू व्हेजिटेरियन?' पीपल आणि चिल्ड्रन यांना शेवटी एस नसला तरी ती बहुवचनंच: 'हाऊ मेनी पीपल आर कमिंग?', 'आर देअर एनी चिल्ड्रन?'

एक अपवाद रोज लागतो. सोलकढी कोणी मागवली ते विचारताना 'हू ऑर्डर्ड सोलकढी?' इथे हू स्वतःच कर्ता आहे, म्हणून डिड नाही आणि क्रियापद भूतकाळातच राहतं. 'व्हॉट डिड यू ऑर्डर?' मध्ये कर्ता यू, तिथे डिड हवा.

'व्हेन'ने होऊन गेलेली वेळ विचारताना 'हॅव' वापरू नका. 'व्हेन हॅव यू रीच्ड?' चूक, 'व्हेन डिड यू रीच?' बरोबर. जेवण झालंय का, एवढंच विचारायचं असेल, तर 'हॅव यू हॅड लंच?' ठीक. पाहुण्यांची गाडी उद्या येणार असली, तरी वेळापत्रकातली वेळ साध्या वर्तमानकाळात विचारता येते: 'व्हॉट टाईम डज युअर ट्रेन रीच कुडाळ?'