ऑस्कर आणि गल्ला यांचे वैर जुने नाही

ऑस्कर मिळवणारा चित्रपट तिकीटबारीवर चालत नाही, हा समज वर्षानुवर्षे फिरत असला तरी जुना इतिहास त्याला दुजोरा देत नाही. ११ ऑस्कर पटकावणाऱ्या ‘बेन-हर’ने (१९५९) तर आर्थिक अडचणीतल्या एमजीएम या निर्मितीसंस्थेलाच सावरले. तितकीच ऑस्कर मिळवणारा ‘टायटॅनिक’ (१९९७) जगभरात १०० कोटी डॉलरची कमाई ओलांडणारा पहिला चित्रपट ठरला. समज पक्का झाला तो बहुधा २०१० च्या सोहळ्यामुळे. कारण अमेरिकेत दोन कोटी डॉलरही न कमावलेल्या ‘द हर्ट लॉकर’ने तेव्हा कमाईचा जागतिक विक्रम मोडणाऱ्या ‘अवतार’ला मागे टाकले. फारकत खरी आहे, मात्र ती अलीकडची: वर्षातला सर्वाधिक कमाईचा चित्रपट सर्वोत्कृष्ट ठरल्याचे शेवटचे उदाहरण २००३ चे आहे.