टर्बो बदलण्याआधी तो का गेला ते शोधा

गाडी चढावर ओढत नाही, मागून काळा धूर येतो, टर्बोची शिट्टी बदलली आहे, अशी डिझेल पिकअप गॅरेजमध्ये आली की संशय टर्बोवर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या यंत्रावर जातो. तो बऱ्याचदा खरा निघतो. पण टर्बो सहसा आपणहून जात नाही. त्याला तेल कमी पडलेलं असतं, तेल घाण असतं किंवा फाटक्या एअर फिल्टरमधून धूळ आत गेलेली असते. ते कारण तसंच ठेवून नवा टर्बो बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा एक्झॉस्टच्या गरम वायूंबरोबर बाहेर फेकली जाते. ती कामाला लावण्याच्या कल्पनेचं पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतलं. टर्बोमध्ये हे बाहेर पडणारे वायू टर्बाइन फिरवतात आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचा कॉम्प्रेसर इंजिनात जास्त हवा दाबून भरतो. डिझेल इंजिनात किती इंधन नीट जळणार हे हवाच ठरवते. हवा कमी पडली की अर्धवट जळालेलं डिझेल काजळी होऊन बाहेर येतं.

हा शाफ्ट जोरात असताना मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो. १,२०,००० फेरे म्हणजे सेकंदाला २,०००. त्या वेगाला ५० मिलिमीटर व्यासाच्या चाकाची कड सेकंदाला तीनशेहून अधिक मीटर धावते, जवळजवळ आवाजाच्या वेगाने. बहुतेक टर्बोंमध्ये या शाफ्टला बॉल बेअरिंग नसतं. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. हा थर काही क्षण तुटला तरी धातूला धातू घासतो.

टर्बोकडे हवा आणणारा इनटेकचा पाइप काढून शाफ्टचं टोक बोटांत धरून पाहा. आडवं किंचित हललं तर घाबरू नका, ती तेलाच्या थराची जागा आहे. पण मागे-पुढे हालचाल जाणवली, किंवा पात्यांच्या कडा हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला घासल्याच्या चकाकत्या खुणा दिसल्या, तर टर्बो संपला.

बदलताना सगळ्यात जास्त वेळ तेलाच्या नळ्यांना द्यावा, असं माझं ठाम मत आहे. तेल आणणाऱ्या बारीक नळीत जळक्या तेलाचा कोळसा साचतो. ती साफ करत बसण्यापेक्षा नवी घालावी. परतीच्या नळीकडे तर फार कमी लोक बघतात. टर्बोचं सील रबरी नसतं, पिस्टन रिंगसारखं धातूचं असतं. परतीची वाट तुंबली की तेल त्या रिंगांना ओलांडून बाहेर येतं आणि नव्या टर्बोवर 'लीक' असल्याचा ठपका बसतो. म्हणून तिथल्या गॅस्केटला सिलिकॉन फासू नये, त्याचा तुकडा सुटून वाट अडवतो. टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलरही उघडून धुवावा. जुन्या टर्बोचं तेल आणि पात्यांचे तुकडे तिथे दडलेले असतात. साचलेलं तेल इंजिनाने ओढलं तर ते तेच इंधन म्हणून जाळत सुटतं आणि चावी फिरवूनही बंद होत नाही.

तेल आणि फिल्टर नवे. टर्बोत तेल आत येण्याच्या भोकात स्वच्छ तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवायचा, मग इंधन बंद ठेवून तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टर मारायचा. सुरू झाल्यावर काही मिनिटं रेस न करता आयडलवरच ठेवायचं.

आता मोठा टर्बो बसवण्याबद्दल. चाक प्रमाणात मोठं केलं, तर त्याचं जडत्व व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतं. व्यास २० टक्क्यांनी वाढला की जडत्व जवळपास अडीच पट. म्हणून मोठा टर्बो उशिरा जागा होतो, आणि ओझं घेऊन कमी आरपीएमवर चालणाऱ्या पिकअपला नेमकं तेच नको असतं. तिथे टर्बाइनभोवतीच्या पात्यांचा कोन बदलणारा, म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो बरा पडतो. फक्त काजळीने त्याची पाती अडकतात.

शिवाय नुसत्या हवेने ताकद वाढत नाही, त्याबरोबर इंधनही वाढवावं लागतं. दाब दुप्पट केला की हवा सहज १०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते, त्यामुळे इंटरकूलरही तोलामोलाचा हवा. इंधन वाढवून हवा अपुरी राहिली, तर एक्झॉस्टचं तापमान झपाट्याने चढतं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याहूनही आधी मऊ पडतो. त्यामुळे ट्यूनिंगला हात लावण्याआधी एक्झॉस्टच्या तापमानाचा गेज बसवून घ्या, आणि लांब चढावर काटा वर जाऊ लागला की पाय उचला.