अतिक्रियाशील मूत्राशय
अतिक्रियाशील मूत्राशय : लघवीची घाई अचानक आणि न आवरण्याजोगी होणे हे मुख्य लक्षण असलेला लक्षणसमूह. बहुतेकांना दिवसा वारंवार जावे लागते आणि रात्री झोपेतून उठावे लागते. काहींची लघवी वाटेतच होते. जंतुसंसर्ग किंवा दुसरा उघड विकार नसेल तरच हे नाव लावतात.

संज्ञेचा घोळ जुना आहे. मराठीत ‘बहुमूत्रता’ हा शब्द या विकारासाठी सैलपणे वापरला जातो, पण तो चुकीचा आहे. बहुमूत्रतेत लघवीचे एकूण प्रमाण वाढते (प्रौढांत २४ तासांत साधारण ३ लिटरहून अधिक), जसे अनियंत्रित मधुमेहात होते. येथे प्रमाण बहुधा नेहमीइतकेच असते, वाढतात त्या खेपा. आयुर्वेदातील मूत्रकृच्छ्र व मूत्राघात यांच्याशीही सांगड घातली जाते. मात्र पहिल्यात वेदनेवर आणि दुसऱ्यात लघवी अडण्यावर भर असल्याने ही सांगड ओढूनताणून आणलेली वाटते. पाश्चात्त्य वैद्यकात पूर्वी ‘अस्थिर मूत्राशय’ म्हणत. ते निदान मूत्राशयात नळी घालून दाब मोजल्यावरच करता येई. मूत्ररोगतज्ज्ञ पॉल एब्रॅम्स व ॲलन वाइन यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुग्णाच्या तक्रारीवर आधारलेली सध्याची संज्ञा पुढे आणली आणि २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कंटिनन्स सोसायटीने (लघवीवरील ताब्याच्या विकारांचा अभ्यास करणारी संस्था) तिची व्याख्या प्रमाणित केली. ही व्याख्या सैल असून औषध कंपन्यांच्या सोयीची आहे, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो अगदीच निराधार नाही. पण दाबमापन प्रत्येकाचे करणे शक्य नसते, त्यामुळे व्यवहारात लक्षणांवरची व्याख्याच उपयोगी पडते.

कारणांविषयीही एकमत नाही. १९९७ मध्ये संशोधक ब्रेडिंग यांनी मूत्राशयाच्या स्नायूतच दोष असल्याचे मांडले, तर द ग्रोट यांनी त्याच वर्षी मज्जासंस्थेकडे बोट दाखवले. मूत्राशयाचे अस्तर स्वतःच संवेदना पाठवते, हा विचार नंतर पुढे आला. एकाच कारणाचा आग्रह आता फारसा धरला जात नाही. निरोगी प्रौढाच्या मूत्राशयात ३०० ते ५०० मिलि. लघवी मावते आणि पहिली जाणीव साधारण १५० ते २०० मिलि.ला होते. या विकारात त्याहून कमी साठ्यालाच घाई सुटू शकते.

निदानाआधी लघवीची तपासणी, रक्तातील साखर आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते याची सोनोग्राफी करतात. पुरुषांत प्रोस्टेट पाहतात. भारतात मूत्राशयाचा क्षय विसरून चालत नाही. त्यात मूत्राशय आक्रसून अगदी लहान होते. लघवीत पूपेशी दिसतात, पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत. लघवीतून रक्त जात असेल तर हे निदान बाजूला ठेवून आधी त्याचा शोध घ्यावा लागतो.

उपचाराची सुरुवात वहीने होते. तीन दिवस मापाच्या भांड्यात लघवी करून वेळ व प्रमाण लिहायचे : ‘६.१० – २२० मिलि.; ७.०५ – ९०, घाई; ७.४० – ६०, निघण्याआधी म्हणून’. ही तिसरी, घाई नसताना केवळ ‘निघण्याआधी म्हणून’ केलेली खेप महत्त्वाची. ती सवयीची झाली की थोड्या साठ्यालाच जाण्याचे वळण पडते. मूत्राशय-प्रशिक्षणात दोन खेपांमधले अंतर सुमारे १५ मिनिटांच्या टप्प्याने वाढवत तीन ते चार तासांवर नेतात. किमान सहा आठवडे द्यावे लागतात. घाई आली की पळायचे नाही. उभे किंवा बसून राहून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळायचे, लाट ओसरू द्यायची, मग चालायचे. हे स्नायू आवळले की मूत्राशयाचे आकुंचन प्रतिक्षेपाने दबते. कुलपात किल्ली घालताच घाई सुटणे हा नेहमीचा अनुभव आहे. तेथेही हीच युक्ती लागू पडते.

मुंबईत हे वेळापत्रक शहराशी जुळवावे लागते. उपनगरी लोकलच्या डब्यात शौचालय नसते आणि विरार ते चर्चगेट हे सुमारे ६० किमी. अंतर धीम्या गाडीने दीड तासाहून अधिक वेळ घेते. म्हणून अनेक स्त्रिया घरून निघताना पाणीच पीत नाहीत. पण घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला अधिक डिवचू शकते, संसर्गाचा धोकाही वाढतो. उलट प्रत्येक थांब्यावरचा कटिंग चहा कॅफीनमुळे घाई वाढवतो. पाणी दिवसभरात विभागून पिणे आणि चहा कमी करणे हा सल्ला त्यामुळे येथे पहिला ठरतो. स्त्रियांना मोफत व स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळ चालली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठीच्या शौचालयांबाबत निर्देश दिले. चाळीत सामायिक शौचालय सज्जाच्या टोकाला असते, त्यामुळे रात्रीच्या खेपांत वृद्ध पडण्याचा धोका असतो; खाटेजवळ भांडे आणि वाटेत दिवा ठेवणे हाही व्यवस्थापनाचाच भाग होय.

एवढ्याने न भागल्यास औषधे देतात. ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडीन, सोलिफेनॅसिन ही ॲसिटिलकोलीनरोधक औषधे स्नायू सैलावतात, पण तोंड कोरडे पडते व बद्धकोष्ठ होते. तोंड कोरडे पडले की रुग्ण वारंवार पाणी पितो आणि खेपा पुन्हा वाढतात. वृद्धांत स्मृतीवर परिणामाची शंका असल्याने ती जपून देतात. मिराबेग्रॉन (जपानमध्ये मान्यता २०११) वेगळ्या मार्गाने काम करते. ते घेताना रक्तदाब तपासत राहावा लागतो. पुढचे उपाय म्हणजे घोट्याजवळच्या मज्जातंतूला आठवड्यातून एकदा ३० मिनिटे, असे १२ आठवडे विद्युत उत्तेजन, त्रिकास्थीजवळ (कण्याच्या खालच्या टोकाच्या हाडाजवळ) बसवलेले उत्तेजक यंत्र आणि मूत्राशयाच्या भिंतीत स्नायू सैलावणारे बोट्युलिनम विष १०० एकक टोचणे. या इंजेक्शनाचा परिणाम काही महिने टिकतो. काहींना त्यानंतर लघवी पूर्ण होत नाही आणि काही काळ स्वतःच नळी घालून ती काढावी लागते. ही तयारी आहे का, हे रुग्णाला आधीच विचारतात.