मोठ्या चाकाची एकचाकी: टायर आणि क्रँक यांचा मेळ

एकचाकीला, म्हणजे एका चाकाच्या सायकलीला, साखळी नसते, फ्रीव्हीलही नसतं. पेडल एकदा फिरलं की चाक एकदा फिरतं, आणि चाक फिरतंय तोवर पाय थांबवता येत नाहीत. सायकलीत जे काम गिअर करतात, ते इथे चाकाचा व्यास आणि क्रँकची (पेडलला चाकाच्या ॲक्सलशी जोडणाऱ्या दांड्याची) लांबी मिळून करतात. म्हणून या पत्रकात टायर आणि क्रँक एकत्र घेतले आहेत. बरेच ग्राहक टायर बारकाईने निवडतात आणि क्रँक दुकानात असेल तो घेऊन जातात. पुढे त्रास होतो तो गुडघ्याला, आणि उतारावर.

इथे मोठं चाक म्हणजे २९ आणि ३६ इंच. ३२ इंचीही मिळते, पण तिच्या टायरचे पर्याय इतके थोडे आहेत की आम्ही ती सहसा सुचवत नाही.

आधी एक छोटा हिशोब

चाकाची त्रिज्या भागिले क्रँकची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. येणाऱ्या आकड्याला आम्ही दुकानात 'जडपणा' म्हणतो. आकडा मोठा असेल तर पाय कमी फिरवून जास्त अंतर कापलं जातं, पण चाक ढकलायला आणि रोखायला जोर जास्त लागतो.

बहुतेकजण २४ इंचीवर शिकून येतात. २४ इंची चाक (त्रिज्या ३०५) आणि १२५ मिमीचा क्रँक यांचा आकडा २.४४. २९ इंची चाकाला २.१ इंच रुंद टायर घातला तर त्रिज्या ३६४ च्या आसपास येते. त्यावर १५० मिमीचा क्रँक लावला की आकडा २.४३. पायाला दोन्ही जवळजवळ सारखेच लागतात. ३६ इंचीची त्रिज्या ४५७. १५० वर ३.०५, म्हणजे सव्वापट जड. त्याच चाकावर १२५ लावला तर ३.६६, म्हणजे थेट दीडपट. २४ वरून उडी मारून ३६ वर १२५ चा क्रँक मागणाऱ्याला आम्ही हाच आकडा कागदावर मांडून दाखवतो.

मधली पायरी आहे २९ वर १२५: आकडा २.९१. हे जोडकाम अंगवळणी पडलं की ३६ वर १५० पायांना फारसं परकं वाटत नाही. वजन मात्र परकं वाटतं. ३६ चा टायर २९ च्या साधारण दुप्पट जड असतो, आणि ते सगळं वजन चाकाच्या कडेला फिरत असतं. एकदा वेग घेतला की चाक स्वतःच पुढे ओढतं, सरळ रस्त्यावर पाय हलके होतात. सिग्नलला मात्र तेच वजन थांबवायचं असतं, आणि पुन्हा चढून निघायचं असतं.

वाशी ते बेलापूर पामबीच रोड साधारण १० किमी धरा. तेवढ्यात ३६ इंची चाक सुमारे ३,४८० फेरे घेतं, २९ इंची सुमारे ४,३७०. मिनिटाला ९० फेऱ्यांची लय ठेवली तर पहिल्याला ३९ मिनिटं लागतात (ताशी साडेपंधरा किमी), दुसऱ्याला ४८ ते ४९. सपाट, लांब आणि पहाटे मोकळा असलेला रस्ता ३६ ला मानवतो. ठाण्यात तलावपाळी, गोखले रोड किंवा घोडबंदर रोडच्या सेवारस्त्यांवरच फिरणार असाल तर २९ घ्या. दर दोनशे मीटरला उतरून पुन्हा चढावं लागलं तर ३६ चा फायदा उरत नाही.

क्रँक कोणता

लांबी मोजताना पट्टी ॲक्सलच्या भोकाच्या मध्यावर धरा आणि पेडलच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा. क्रँकच्या टोकापर्यंत मोजू नका. ही चूक नेहमी होते आणि दीड-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. बहुतेक क्रँकच्या मागच्या बाजूला आकडा कोरलेलाही असतो.

३६ इंचीसाठी पहिला क्रँक १५० चा घ्या. उपवनहून येऊरचा चढ, पारसिक हिल किंवा खारघरच्या टेकडीचा रस्ता रोजचा असेल तर १६५. १३७ हा पामबीचसारख्या रस्त्यावर सराव झालेल्याचा क्रँक, आणि आमच्या मते बहुतेकांनी तिथेच थांबावं. १२५ आणि ११० वर वेग खरोखर वाढतो, कारण पाय लहान वर्तुळात फिरतात आणि सीटवर अंग डोलत नाही. १० किमीत १५० च्या क्रँकवर प्रत्येक पाऊल जवळजवळ ३.३ किमी वर्तुळाकार फिरतं, १२५ वर २.७. पण रिक्षा अचानक आडवी आली तर चाक रोखायला हातात, म्हणजे पायात, तेवढाच कमी जोर राहतो.

१३७ पेक्षा लहान क्रँक ३६ वर लावायचा असेल तर ब्रेक हवाच. हा ब्रेक सायकलीसारखा करकचून दाबायचा नसतो. सीटच्या पुढच्या दांड्याखालचा लिव्हर उतारावर एका बोटाने हलका धरून ठेवायचा, पाय फक्त तोल सांभाळतात. पहिले आठ-दहा दिवस सपाट रस्त्यावर ब्रेक किंचित लावून चालवा. पायांना तो अडथळा ओळखीचा झाला की मगच उतारावर जा. उतारावर पहिल्यांदा ब्रेक दाबणारा समोर फेकला जातो.

क्रँक कमी करताना एका वेळी १० ते १५ मिमीच. दोन भोकांचे क्रँकही मिळतात: बाहेरच्या भोकावर १५०, आतल्यावर १२५ च्या आसपास. चढाला पेडल बाहेर, सपाटीला आत. दोन जोड घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि ज्यांची ठरलेली वाट नाही त्यांना आम्ही हेच देतो.

क्रँक बदलला की सीटची उंची बदलायलाच हवी, आणि हे नव्वद टक्के लोक विसरतात. क्रँक २५ मिमीने लहान केला तर खालचं पेडल २५ मिमी वर येतं. म्हणून सीटही २५ मिमी वर. नाहीतर गुडघा दर फेऱ्याला जास्त वाकतो आणि चार-पाच किमीनंतर वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. पेडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, चवडा ठेवला तर किंचित वाकलेला राहावा. सीटपोस्टवरची किमान खोलीची रेघ मात्र बाहेर दिसता कामा नये.

टायर: आकड्यांचा गोंधळ

इंचाचा आकडा वाचून टायर विकत घेऊ नका. बाजूवर छापलेला मिलिमीटरचा आकडा वाचा, उदाहरणार्थ ५४-६२२. पहिला रुंदी, दुसरा रिमवर बसणाऱ्या तारेचा व्यास. २९ इंची एकचाकीचा दुसरा आकडा ६२२ असतो आणि तो ७०० सी सायकलीचाच आकडा आहे, म्हणून टायर-ट्यूब कुठेही मिळतात. आपल्याकडे दूधवाल्यांच्या जुन्या काळ्या सायकलीवरचा '२८ × १½' मात्र ६३५ चा असतो. नावात २८ असूनही तो २९ च्या रिमपेक्षा मोठा, बसणार नाही. ३६ इंचीचा आकडा ७८७. हा टायर गल्लीतल्या दुकानात मिळत नाही, बाहेरून मागवावा लागतो.

३६ इंची एकचाकीला जगभर 'कोकर' म्हणतात, कारण अमेरिकेतल्या कोकर टायर कंपनीने या मापाचा टायर आणि एकचाकी लोकांपर्यंत नेली. त्या जुन्या टायरवर गोल बटणांसारखे खडे असतात. तो टिकाऊ पण जड. आता मिळणाऱ्यांत निंबसचा नाइटरायडर हलका, गोलसर आणि डांबरी रस्त्याला योग्य. आमच्या रस्त्यांसाठी आम्ही याच तऱ्हेचा सुचवतो. जाड खाचांचा टायर डांबरावर गुरगुरतो आणि वळायला हट्टी होतो. तो येऊरच्या मातीच्या वाटांसाठी ठेवा.

टायरचा माथा गोल हवा की सपाट, हेही पाहा. पाणी निघून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. सपाट माथ्याचा टायर अशा उतरत्या कडेवर एका बाजूला ओढतो आणि अंग पिळून धरावं लागतं. अर्ध्या तासाने कमरेला कळतं. गोल माथ्यावर हा त्रास बराच कमी.

हवा

एकचाकीवर सगळं वजन एकाच टायरवर येतं, म्हणून तेवढ्याच रुंदीच्या माउंटन सायकलीपेक्षा हवा जास्त लागते. ६०-७० किलोच्या माणसाने २९ × २.१ आणि ३६ × २.२५ दोन्हींना ४५ पीएसआयपासून सुरुवात करावी, मग ३ ते ५ ने वर-खाली करून पाहावं. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये.

हवा कमी असेल तर वळताना चाक चिकटल्यासारखं वाटतं आणि उतरत्या कडेवरची ओढ वाढते. खड्ड्याच्या काठावर रिम टेकली तर ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. तसं पंक्चर दिसलं की काटा शोधू नका, हवा वाढवा. हवा जास्त असेल तर पेव्हर ब्लॉक आणि रंबल पट्ट्यांवर चाक उडतं, प्रत्येक ठोका सीटमधून कण्यात जातो. पावसाळ्यात साधारण ५ पीएसआय कमी ठेवा. तरीही शेवाळलेले पेव्हर ब्लॉक, मॅनहोलची झाकणं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे सरळच ओलांडा. त्यांच्यावर वळू नका.

पेट्रोल पंपावर हवा भरताना हाताने दाबून पाहत थोडी-थोडी भरा. ३६ ची ट्यूब मिळाली नाही तर २९ ची ताणून बसते आणि घरी पोहोचवते. ताणलेल्या ट्यूबचा पॅच सुटू शकतो, तेव्हा ती कायमची ठेवू नका.

बसवताना

टायर बसवण्याआधी ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरा. शेवटचा हातभर भाग व्हॉल्व्हच्या बाजूला येऊ द्या आणि हातानेच आत ढकला. लोखंडी पट्टीने ट्यूब चिमटते. १५ पीएसआयवर थांबून टायरच्या कडेची बारीक रेघ रिमभोवती सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का पाहा. कुठे आत गेली असेल तर हवा सोडून तिथे साबणाचं पाणी लावा आणि पुन्हा भरा. तसंच चालवलं तर चाक दर फेऱ्याला उड्या मारतं, आणि लोक उगाच रिमची आऊट काढून घेतात.

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पेडलवर आणि क्रँकवर डावं-उजवं कोरलेलं असतं. चाक काढून परत घालताना ते उलटं बसलं, तर डावा क्रँक उजवीकडे येतो आणि चालवता-चालवता पेडल सुटायला लागतं. आधी दर फेऱ्याला एकाच जागी 'टक' वाजतं. तिथेच उतरा. अजून पाच किमी चालवलंत तर ॲल्युमिनियम क्रँकचे आटे मरतात आणि क्रँक बदलण्यावाचून इलाज नसतो.

चौकोनी ॲक्सलचा क्रँक ३५ ते ४० न्यूटन-मीटरने आवळा. २० सेंमी लांब पान्याच्या टोकावर १८-२० किलोचा जोर दिला की तेवढं होतं. पहिल्या १० किमीनंतर आणि पुन्हा ५० किमीनंतर तपासा. सैल क्रँकवर चालवलं की भोक गोलसर होतं आणि मग तो कितीही आवळला तरी राहत नाही. दहा दातांच्या ॲक्सलला पुलर (क्रँक ओढून काढायचं अवजार) वेगळा, रुंद टोकाचा लागतो. चौकोनीचा पुलर ॲक्सलच्या भोकात शिरतो. कोणताही पुलर क्रँकच्या आट्यांत पूर्ण बसवल्याशिवाय फिरवू नका.

बेअरिंगच्या कॅपचे बोल्ट दोन्ही बाजूंनी सारखे आणि हलकेच. आवळून चाक हाताने फिरवा: ते मोकळं फिरून थांबण्याआधी किंचित मागे-पुढे झुललं पाहिजे. झुलण्याऐवजी अडकल्यासारखं थांबलं तर पाव फेरा सैल करा. खाडीच्या हवेत बोल्ट गंजतात, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर आट्यांना ग्रीस लावा.

दुकानात येताना

रोज चालवता ते बूट घालून या. भिंतीला पाठ लावून उभे राहा, पुस्तक मांड्यांमध्ये वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या. ३६ इंची चाकाला १५० च्या क्रँकवर हे माप साधारण ७५ सेंमी तरी हवं. सध्याच्या एकचाकीचं चाक आणि क्रँकची लांबी लिहून आणा, आणि रोजची वाट सांगा: चढ किती, सिग्नल किती. ३६ घेणार असाल तर त्याच वेळी एक जादा ट्यूब घ्या. शक्य असेल तर टायरही, पावसाळ्याआधीच.